दाताच्या कण्या

बेचाळीस वर्षं मी या गावाचे दात केले.
दवाखान्याच्या तळघरात. खिडकी जमिनीच्या रेषेत,
बूट तेवढे दिसायचे जाणाऱ्यायेणाऱ्यांचे.
तोंडं वर, डॉक्टरीणबाईंकडे.
माझ्याकडे यायचे साचे.

आता किल्ला करतेय.
खरा आहे वर टेकडीवर, म्हणजे होता.
उरलाय एक बुरूज,
बोळक्यात एखादा सुळा राहून जावा तसा.
बाकीचा मी स्वयंपाकघराच्या टेबलावर उभा करते,
बहात्तरास एक या मापानं,
आणि जेवते ओट्याशी, उभ्यानं.

मेणाचा दिवा तोच. कोरणी तीच.
चऱ्या घासताना हात चुकून
पटाशीच्या दाताची गोलाई देतो,
मग पुन्हा कानस, पुन्हा चौकोन.

वरच्या मजल्यावरचा व्हितेक रोज येतो. नऊ वर्षांचा.
परवा म्हणाला, ड्राहोमीराबाई, राजा हागायचा कुठे?
मी दाखवली तटाबाहेर डोकावणारी खोली,
तिचं भोक, खाली खंदक.
तेव्हापासून तो गवंड्यांना मानतो.

जुन्या गवंड्यांची रीत अशी:
बाहेरून घडीव दगड, आतूनही घडीव,
आणि मधल्या पोकळीत हाताला लागेल ते.
खडी, चुना, फुटकं मडकं.
दगड मी ओतून केले. खडी आणू कुठून?

दवाखाना बंद झाला तेव्हा
एकोणीस खोकी घरी आणली होती, कचऱ्यात जायची म्हणून.
सगळ्या गावाचे जबडे. पांढरे, प्लास्टरचे.
बुडाला शिसपेन्सिलीनं नाव आणि साल.

गोणपाट. हातोडी.
पोस्टमास्तरीण यारमिला, पुढच्या दोन दातांत फट,
त्या फटीतून शीळ घालायची. दक्षिण तट.
खाटीक व्होंद्रा. चर्चमधला ऑर्गनवाला,
ज्याचं पंचेचाळिशीतच साखरेनं बोळकं केलं.
ही दोघं उत्तरेला.

मग पेशाट.
कॉम्रेड पेशाट, परवाना कचेरी.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत आई गेली.
क्वेता, माझी बहीण, सरहद्दीपलीकडे, लिंझला.
मोटारीनं तीन तास.
तिला चार दिवस येऊ द्या म्हणून
मी त्याच्या टेबलापुढे दाताच्या कण्या केल्या.
तो म्हणाला, नियम.
आणि पेनाला टोपण लावलं.

जूनमध्ये त्याचा साचा आला. ब्रिज हवा होता, वर डावीकडे.
केला. नीटच केला.
काम करताना दिसलं,
दाढा पार सपाट झिजलेल्या.
रात्री झोपेत दात खायचा हा माणूस, वर्षानुवर्षं.
कोणावर, ते साच्यात उमटत नाही.

व्हितेक म्हणाला, हा कोण, एवढा वेळ का हातात धरलाय?
म्हटलं, कचेरीतला एक.
म्हणाला, मग त्या भोकाखाली घाला.

मोह झाला. खोटं कशाला बोलू.
मग गोणपाटात ठेवला
आणि हातोडी घातली,
पोस्टमास्तरणीला घातली होती तेवढ्याच जोरानं.
उत्तरेच्या तटात गेला तोही,
खाटीक आणि ऑर्गनवाला यांच्या मधोमध.
भिंत काही विचारत नाही. तोलते.

आईचा साचा शोधला, एकोणीसही खोक्यांत.
मग आठवलं, तिनं माझ्याकडून दात करून घेतलेच नाहीत.
म्हणायची, मला कुठं हसायचंय.

रविवारी क्वेता येतेय.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतः गाडी हाकत,
वाटेत दोनदा थांबून, असं फोनवर म्हणाली.
चुना अजून ओला आहे, ओलं फडकं टाकून ठेवलंय.
दरवाजा बसला. उचलपूलही बसला,
पण पुरता खाली टेकत नाही,
खंदकावर बोटभर अधांतरी राहतो.
साखळीला दोन कड्या कमी पडतायत.
दवाखान्यातली तार कुठल्या डब्यात ठेवली
तेच आठवत नाहीये.