गोडं पाणी

शुक्रवारी अकरावीचं प्रॅक्टिकल.
गुरुवारी संध्याकाळीच मी मीठ तोलून ठेवते.
शिरोड्याचंच, आमच्या आगरातलं, जाडं;
बाटलीतलं शुद्ध मीठ डिसेंबरातच संपलं
आणि ऑफिस म्हणतं, नवं मार्चनंतर.

रिओचं पान दुमडायचं, तिरकं फाडायचं,
कडेला जांभळा पापुद्रा सुटतो, नखाएवढा.
काचपट्टीवर तो, त्याच्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब.
मग कुणीतरी ओरडतंच.
यंदा दुर्वा तांडेल ओरडली,
"बाई, ह्या आकसला! मेला काय ता?"

मेलं नाही. नीट बघ.
चौकट तशीच आहे ना, सहा कोनांची, रेखीव?
आतला रंग तेवढा भिंतीपासून सुटलाय,
मधे गोळा होऊन बसलाय.
बाहेरून बघणाऱ्याला घर तेवढंच दिसतं.

सर फळ्यावर लिहितात, रससंकोच.
मी आबांना पाहिलंय तसं.
आई गेली त्याच्या चौदाव्या दिवशी
ते फळी घेऊन आगरात उतरले,
कोंडीतलं मीठ कडेला ओढत.
चाल तीच, पावलं तशीच पांढरी पडलेली,
कानावर विडी.
लोक म्हणाले, बुधाजी घट्ट माणूस.
मी जेवायला हाक मारली की
उत्तर यायला वेळ लागायचा,
जणू दाराशी कुणी नव्हतंच,
खूप आतून उठून यावं लागत होतं.

"आता साधं पाणी घाल."
दुर्वा टिपकागदाने खारं ओढून घेते, थेंब सोडते.
जांभळा हळूहळू पसरतो, कोपऱ्यांत शिरतो,
भिंतीला पाठ टेकतो. ताठ.
आणखी पाणी आत येऊ बघतं,
भिंत म्हणते, पुरे.

वेळेत घातलं तर, हां.
मोचेमाडच्या खाडीचा बांध फुटला त्या वर्षी
भात अकरा दिवस खाऱ्यात उभं होतं.
नंतर पाटाचं पाणी कितीही सोडलं,
एका पातीने मान वर केली नाही.

रक्ताची पाळी आली की पोरं गप्प होतात.
सर बोट पुढे करत नाहीत, माझंच असतं.
स्पिरिट, सुई, थेंब.
दाट खाऱ्यात तांबड्या चकत्या
वाळल्या आमसुलासारख्या सुरकुततात.
हजारात नऊ भाग मीठ, सलाईनएवढं,
तर निवांत असतात.
गोड्या पाण्यात एकेक फुगत जाते,
गोल होते, फिकी होते, आणि मग
तिथे कुणीच नसतं.
नुसतं लालसर पाणी.

"फुटली? गोड्या पाण्यान?"
गोड्या पाण्यानेच. तिला भिंत नसते, बाय.
आत येणाऱ्याला पुरे म्हणता येत नाही तिला.

परीक्षेत एवढंच लिहायचं,
झाडाला भिंत आहे, प्राण्याला नाही. चार मार्क.

बाकीचं मी मुलांना सांगत नाही.
आई गेल्यावर महिनाभर मी नीट होते.
दिवसकार्याची भांडी घासली,
रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करायला
वेंगुर्ल्याला दोनदा गेले.
कारकून खेकसला, त्याचंही काही वाटलं नाही,
खाऱ्याची सवय असते आमच्या घरात.
मग परतीच्या एसटीत एका अनोळखी बाईने
आरवलीला उतरता उतरता
पानात गुंडाळलेले उकडलेले करांदे
माझ्या मांडीवर ठेवले.
"खा गो. तोंड बघ कसा सुकला हा."

शिरोडा येईपर्यंत माझ्यातलं काही उरलं नव्हतं.
कंडक्टरने घंटी दोनदा मारली,
तेव्हा कळलं, उतरायचंय.

थांब्यावर आबा बॅटरी घेऊन उभे.
त्यांनी माझ्या तोंडावर उजेड टाकला, लगेच काढला.
पुडी हातातून घेतली,
चालता चालता एक करांदा सोलला,
खाल्ला.
मीठ मागितलं नाही.