पांढरी पाच, काळी चार

मकरपुऱ्यात रात्री नऊला
कॅन्टीनचं शटर पडतं
आणि माझ्या स्क्रीनवर
पादऱ्याच्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर
एक्केचाळिसाव्यांदा बिनसतो.

पत्र्यातला चुंबकाचा जोर उतरवला
की लोखंड गप्प राहतं,
पण मग लोखंडच जास्त लागतं.
गाभा जाडावला की तांब्याचा वेढा लांबतो,
लांबला की तापतो,
तापला की तेल, तेलाला टाकी, टाकीला वजन,
आणि वाटेतल्या पुलावर पाटी आहे :
चाळीस टन.
रतिलालभाई म्हणतात,
बेन, पूल काही तुमचा तक्ता वाचत नाही.

निविदेत वाया जाणाऱ्या प्रत्येक वॅटला भाव आहे,
रिकाम्या चालण्याचा वेगळा, भाराचा वेगळा.
गुणगुणीला भाव नाही.
तिला नुसती मर्यादा, अठ्ठावन्न डेसिबल,
तेवढी पाळली की पुढचं कोणी विचारत नाही.

मी जागा बघायला गेले ते म्हणूनच असेल.
कुंपणाला लागून घर, दारावर पाटी :
कुमुद दिघे, गायनाचे वर्ग.
भिंतीपलीकडे जुना डबा हुंऽऽ करत होता.
"याचा सूर," बाई म्हणाल्या,
"ना धड पांढरी पाच, ना काळी चार.
मधल्या फटीत बसलाय मेला."
मी सांगितलं, सेकंदाला शंभर थरथरी,
अख्ख्या देशाचा एकच,
सूर माझ्या हातात नाही.
आवाज तेवढा उतरवता येईल.

परत येऊन तीन डेसिबल उतरवले.
नऊशे किलो पत्रा वाढला.
रेडिएटर सोडवून दुसऱ्या ट्रकवर टाकले,
पूल सुटला, किंमत चढली.
मजमुदारसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.
हे कोणासाठी?
तक्त्यात तसा रकाना नव्हता.

काल बाईंना फोन केला, कौतुकानं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
"फार नका हं उतरवू.
दोन वर्षं झाली, मी तंबोरा त्याच्यावरच लावते.
खर्जाची तार आणून ठेवलीय त्या फटीत.
मुलींना आता तोच षड्ज वाटतो."

गुरुवारी निविदा भरायची आहे.
बेचाळिसावा तक्ता उघडलाय,
एक रकाना वाढवलाय, त्याला नाव सुचत नाही.
दीड? दोन?
खाली चाचणीच्या खोलीत
कुठल्याशा गावाचा ट्रान्सफॉर्मर भारावर ठेवलाय.
कोणी नाहीसं बघून
मी तोंड मिटून
त्याच्यावर सा धरून बघते.