दोन मिनिटं अकरा सेकंद

मार्केट यार्डात, मगदूमांच्या अडत दुकानामागे
हळदीची पोती छतापर्यंत लावलेली,
त्यांच्या मधल्या बोळात आम्ही गाणं रेकॉर्ड केलं.
पोती आवाज पितात, हे पार्श्वचं संशोधन.
पोती शिंका देतात, हे इम्तियाजचं.
तीन टेक शिंकांत गेले.

बँडचं नाव पेव.
हरिपूरच्या जमिनीत हळद जपायची ती खोल पोकळी,
तोंड मातीनं लिंपलेलं,
वर्षानुवर्षं आत काही किडत नाही म्हणे.
गणपतीच्या बोर्डावर पेंटरनं 'पाव' लिहिलं.
तेव्हापासून ड्रमवरच्या इम्तियाजला सगळी गल्ली वडा म्हणते.

गाणं माझं. म्हणजे शब्द माझे,
चाल पार्श्वची, आवाज रेणुकाचा,
आणि जिच्यासाठी होतं ती मिरजेत,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
हे फक्त मला आणि माझ्या बेसच्या तिसऱ्या तारेला ठाऊक.
रेणुका विचारायची, "कुणाला बघून गाऊ? चेहरा तरी दे."
"सगळ्यांसाठी गा."
"सगळ्यांसाठी आरती असते," ती म्हणाली.

शेवटच्या टेकला सगळं जुळून आलेलं.
रेणुका त्या ओळीवर पोचली
जिच्यासाठी मी सहा महिने वही खोडत होतो,
आणि बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घ्यायला लागलं.
टीं. टीं. टीं.
"येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बास!"
हमालाचा तो बाससुद्धा आला गाण्यात,
माझ्या बेसपेक्षा स्वच्छ.

खूप पुसून पाहिलं. टेम्पो काढला की रेणुकाही जाते.
इम्तियाजच्या आजोबांना नेऊन ऐकवलं.
ते तंबोऱ्याची जवारी लावत होते.
तारेखाली सुताचा धागा सरकवत,
मान वर न करता म्हणाले,
"टेम्पो सुरात आहे. बाकीचं बघा."

गाणं आलं एका मंगळवारी.
पहिल्या आठवड्यात चारशे बारा वेळा वाजलं,
त्यातले दोनशे पार्श्वच्या आईचे.
पिठाच्या डब्यावर फोन ठेवून ती भाकरी थापायची.
तिचं मत: प्रेम चांगलंय, पण दोन भाकरीत संपतं.

श्रावस्तीला पाठवलं आणि फोन उशीखाली घातला.
तिनं रात्रपाळीत ऐकलं, एका कानानं,
दुसरा कान वॉर्डासाठी मोकळा ठेवून.
पहाटे उत्तर आलं:
"छान आहे. दोन अकराला गाडी कोण वळवतंय?"

म्हणजे ओळ तिला ऐकूच आली नाही.
किंवा आली,
आणि ती बरोबर तिच्याशेजारच्या गोष्टीबद्दल बोलली.
माझं अजून ठरत नाही.

परवा मिरज स्टँडबाहेर, रसाच्या गाड्यापाशी,
एक टेम्पो मागे येत होता.
ती कुठल्याशा पेशंटच्या हट्टी मुलाबद्दल सांगत होती,
मध्येच थांबली.
"तुमचं गाणं," म्हणाली,
आणि बाही धरून मला बाजूला ओढलं.

टेम्पो गेला.
रसवाल्यानं बर्फ फोडला, लिंबू पिळलं.
बाही तिनं लगेच सोडली नाही,
चार मात्रा धरून ठेवली.
मी मोजल्या.
बेस वाजवणाऱ्याला दुसरं येतं काय.