धडा बारावा

सेलूत, टायरच्या दुकानाच्या माडीवर
संध्याकाळी सहा ते सात माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास.
खालून रबराचा वास, वर तापलेला पत्रा,
मधे आम्ही अकरा जण आणि एक कुलर,
त्यात पाणी मीच भरते, ते फीमधे धरलेलं नाही.

फळ्यावर लिहिलं: हॅपी.
मग त्याच्यावर काट मारली.
म्हटलं, हा शब्द उकळून उकळून पांचट झालाय,
जरा पुढं सरकू.
थ्रिल्ड. इलेटेड. ओव्हरजॉइड. एक्स्टॅटिक.
आणि सगळ्यात शेवटी, माझा लाडका,
ओव्हर द मून.

बब्रुवान लोंढे उठला. मेडिकलवर असतो तो.
'आय ॲम थ्रिल्ड,' म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, एकशेवीस झाले, सुट्टे द्या.
मी म्हटलं, आवाज वर न्या, भुवया वर न्या.
त्यानं भुवया नेल्या. आवाज तिथंच राहिला.

मोईन म्हणाला, मॅडम, आमच्यात म्हणतात
खुशी के मारे.
मारे, म्हणजे मारच की हो.
सगळे हसले. मी नाही हसले,
कारण डिक्शनरीत मी वाचलं होतं
थ्रिल म्हणजे मुळात भोक पाडणं, आरपार.
आणि मला माझं नाक टोचलं तो दिवस आठवला,
हिंगोलीत, सोनाराच्या ओट्यावर,
दुखलं म्हणून रडू, आणि रडता रडता आरसा मागितलेला.
हे मी त्यांना सांगितलं नाही. सिलॅबसमधे नव्हतं.

मागच्या बाकावर दैवशाला.
अंगणवाडीत मदतनीस, वय बेचाळीस,
वही शाळकरी, कव्हर घातलेली.
तिची पाळी आली की ती आधी पदर नीट करते,
मग क्रियापद शोधते.
आज पदरापर्यंतच आली होती, तेवढ्यात फोन वाजला.

क्लासमधे फोन बंद असा माझा नियम आहे.
जालन्याहून व्हिडिओ कॉल होता.
तिच्या वडिलांची पट्टी आज सोडणार होते,
आठ वर्षं त्यांना उजेड तेवढा कळायचा, माणूस नाही.
पडद्यावर आधी छत दिसलं, मग कुणाचा तरी अंगठा,
मग एक म्हातारा, डोळे बारीक करून,
फोनच्या इतका जवळ की नुसतं नाक.
कुणी काही बोलेना. कुलर तेवढा खडखडत होता.

'दैवे,' तो म्हणाला,
'तुझे केस पिकायलेत की गं!'

ती उठली. बसली. परत उठली.
एक चप्पल पायात, एक बाकाखाली,
तशीच गॅलरीत गेली आणि कठड्याला धरून
खालच्या टायरवाल्याला ओरडून सांगू लागली,
'ओ भाऊ, माझे केस पिकलेत! दिसायलेत त्यांना!'
तो हातात पाना घेऊन वर बघत राहिला,
आणि म्हणाला, 'बरं झालं बाई.'
काय बरं झालं ते त्याला कुठं ठाऊक.

मग ती खाली बसली, फरशीवरच,
आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, 'लई हरिक झाला गं माय.'
हरिक.
माझी आजी म्हणायची. मी बी.एड.ला गेल्यावर
कुठं ठेवला हा शब्द, आठवत नाही.
माझ्या फळ्यावर पाच शब्द होते,
इस्त्रीचे, परगावचे, पाहुण्यासारखे अवघडून बसलेले.
मी डस्टर उचललं. पुसलं नाही. परत ठेवलं.
घरी जाताना बब्रुवाननं सगळ्यांना सुशीला खाऊ घातली,
सुट्टे न मागता.

दुसऱ्या दिवशी तिनं वही दिली तपासायला.
निळ्या शाईत, देवनागरीत, कारण स्पेलिंगची भीती:
'माय फादर सॉ माय व्हाइट हेअर.
आय वॉज व्हेरी व्हेरी.'
आणि पुढं पूर्णविराम, चांगला दाबून,
मागच्या पानावर उमटलेला.

वाक्य अपुरं आहे. विशेषण राहिलंय.
लाल पेन टोपण काढून
माझ्या हातात वाळत होता.
खाली मोईन कुणाच्या तरी ट्यूबमधे हवा भरत होता.