एक जानेवारीचा कागद

दर डिसेंबरात लॅन्सिंगहून एक पुठ्ठ्याची नळी येते,
आत गुंडाळलेला नवा कायदा.
उलगडला की मांजरासारखा
पुन्हा गोल होऊन बसतो.
मी एका टोकावर कॉफीचा मग ठेवते,
दुसऱ्यावर स्टेपलर, तिसऱ्यावर गोंदाची बाटली,
चौथ्यावर माझं कोपर,
आणि वाचते:
तीस तास कामाला एक तास पगारी आजाररजा.
अर्धवेळ कामगारांनाही.
अक्षर अमुक मापाचं. जागा, सर्वांना दिसेल अशी.

आमच्याकडे सर्वांना दिसेल अशी जागा एकच,
हजेरीच्या घड्याळाशेजारी, मायक्रोवेव्हच्या वर.
आम्ही शाळांची बाकं बनवतो.
एकोणीस माणसं, दोन करवती, रंगाची एक खोली,
बाहेर लेक सुपीरियर
आणि दाराला टेकलेला कमरेइतका बर्फ.

क्लाइव्ह ट्रेव्हॅरो, मालक,
आजोबांच्या खुर्चीतून म्हणाला,
"व्हर्ना, असंच चाललं तर
बाकं कमी नि कागद जास्त बनवू आपण."
माणूस वाईट नाही.
गेल्या वर्षी वार्निशचा नियम बदलला,
बत्तीस डबे भंगारात गेले,
त्यानं मासेमारीची होडी विकली
आणि कुणाच्या पगाराला हात लावला नाही.
ही नोंद करायला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

दुपारी शाळेतून ओडेटचा फोन.
बाकांचे कोपरे आता गोल हवेत, ऑगस्टच्या आत.
आणि हो, घरच्या ओव्हनमधलं काही
शाळेच्या विक्रीत ठेवता येणार नाही.
म्हणजे लेंपीचा वेलचीपाव बंद.
चाळीस वर्षं ती वेणी घालते त्याला,
एक पोर आजारी पडलं नाही.
ओडेटनं धडपडून चर्चच्या स्वयंपाकघराला परवाना मिळवला,
लेंपी गेली नाही.
म्हणाली, तो ओव्हन मला ओळखत नाही.
यात चूक कुणाची, ते मी अजून शोधतेय.
सुक्याबरोबर ओलं जळतं, एवढंच म्हणता येतं,
आणि तेवढ्यानं पोट भरत नाही.

चार वाजता नवा कागद टाचायला गेले
तर टाचणी फळ्यापर्यंत पोचेना.
जुने कागद कुणी काढलेच नव्हते कधी,
एकावर एक, एकावर एक.
मी सोलत गेले.
किमान वेतन, त्याखाली त्याहून किमान वेतन,
सोळा वर्षांखालच्या मुलांना यंत्रापाशी मनाई,
बाळंतपणाचे आठवडे,
कुणीतरी पेन्सिलनं काढलेली मिशी,
आणि तळाशी एक पिवळा,
गंजलेल्या चार टाचण्यांचा:
जाळी बसवल्याशिवाय करवत चालू करू नये.

"हा माझा," मागून आर्व्हिड नीमी म्हणाला,
शाळेच्या जुन्या फोटोत
आपलं पोर दाखवावं तसा.
डाव्या हाताला तीन बोटं.
बोटं ऑक्टोबरात गेली, कागद मार्चमध्ये आला.
"एकट्याचा नाही म्हणा.
इन्स्पेक्टर सांगत होता, त्या वर्षी आम्ही अकरा जण होतो.
बाकीच्या दहांना मी कधी भेटलो नाही."

नियमाप्रमाणे जुनी सूचना काढून टाकायची असते.
मी ती घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवली.
आर्व्हिडनं नव्या कागदाचा वरचा कोपरा
त्याच हातानं धरला,
मी टाचण्या लावत गेले.
त्याचं सूप आत फिरत होतं.

"व्हर्ना," तो फळ्याकडेच बघत म्हणाला,
"आजारपण आपलंच लागतं,
की बायकोचंही धरतात?"
मी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
बारीक अक्षरांवरून बोट फिरवत गेले,
दुसरा रकाना, कलम चार.
"धरतात."

मायक्रोवेव्ह तीनदा वाजला.
थांबून पुन्हा तीनदा वाजला.
कोपरा टाचून झाला होता,
त्यानं हात काढला नव्हता.