डावा खांदा, अर्धा इंच

निमाणीला बसमध्ये चढलो तेव्हाच
अण्णांच्या गळ्यात टेप राहिलेला दिसला मला.
बोलले नाही.
जत्रा हॉटेलचा चौक गेल्यावर त्यांचा हात तिथे गेला,
आणि टेप गुंडाळून खिशात.

गेटवर वॉचमन म्हणाला, पेशंट कुठल्या वॉर्डात?
पेशंट नाही, ॲडमिशन, अण्णा म्हणाले.
मग जरा थांबून,
म्हणजे अजून यादी लागायचीय. नुसतं बघायला.
वहीत माझ्या नावापुढे, ‘कारण’च्या रकान्यात,
त्याने लिहिलं: बघणे.

ओपीडीबाहेर पेठ-सुरगाण्याकडची माणसं
चटया टाकून बसलेली, कुणाच्या डब्यात नागलीची भाकर.
सेकंड इयरची मुक्ता वाघचौरे आम्हाला फिरवत होती:
लायब्ररी बारापर्यंत, मेसची डाळ विसरून जा,
पहिल्या दिवशी तिघं चक्कर येऊन पडले,
मी नाही पडले, पण जेवलेही नाही.
अण्णा तिच्या ॲप्रनकडे बघत होते.
बगलेत उसवलाय, माझ्या कानाशी म्हणाले,
रेडिमेडचं हे असं.

शरीररचना विभागाचं दार बंद होतं.
फटीतून येणारा वास डोळ्यांना आधी कळला.
बाहेर भिंतीवर देहदात्यांची नावं, पांढऱ्या रंगात.
आत नावं नसतात, मुक्ता म्हणाली,
टेबलाला नंबर.

अण्णा पावतीबुक वाचावं तसं वाचत खाली आले
आणि सातव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.
वामन त्र्यंबक गायधनी.
छाती अडतीस, ते म्हणाले. बाही साडेतेवीस.
डावा खांदा अर्धा इंच उतरता.
लहानपणी कधीतरी पडलेले, सांगायचे नाहीत.
मी आतून कापसाची घडी घालायचो,
बाहेरून कुणाला पत्ता नाही.
ट्रायलला येतो म्हणाले होते मार्चात.
कच्च्या टाक्यावरचा कोट तसाच टांगलाय.

मुक्ता काहीच बोलली नाही.
मग तिने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं,
मला वाटतं, ‘डावा’.

काढ गं तो ॲप्रन, अण्णा म्हणाले.
कॉलरच्या आत खोचलेली सुई काढली,
पायरीवर बसले, दोरा दाताने तोडला.
चार दहाची बस गेली.

ते टाके घालत होते,
मी दाराकडे बघत होते.
यादी शुक्रवारी लागणार होती.