मोजणी

गड्डीगोदामच्या पुलाकडून वळलं की तिसरं दुकान माझं.
पाटी उन्हानं पुसली, तरी लोक विचारत येतात:
कूलरवाले सायलसभाऊ कुठे बसतात?
मार्च लागला की गच्चीवरून, जिन्याखालून
सारं नागपूर आपापले कूलर ओढत आणतं.
गंजलेल्या टाक्या, अडकलेले पंप,
जाळीत मागच्या वर्षीचं गवत,
एखाद्यात चिमणीचं रिकामं घरटं.
घरटं मी वेगळं ठेवतो. का, ते विचारू नका.

पवन नेवारे दोन वर्षं माझ्या हाताखाली होता.
चांगला पोट्टा. मोटारीत तार अशी भरायचा
जशी आई पोरीची वेणी घालते.
मग एका एप्रिलात सहा मोटारींचं तांबं गेलं,
गल्ल्यातले अकराशे गेले, आणि पवन गेला.
त्या वर्षी मी प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचो.
कसं घ्यायचो, ते प्रभूला ठाऊक.

प्रमिला म्हणाली, पोलिसात जा.
पाळकसाहेब म्हणाले, क्षमा करा.
मी दोन्ही केलं नाही, धंदा केला.
वहीच्या शेवटच्या पानावर फक्त लिहून ठेवलं:
तांबं, साडेनऊ किलो.
खाली दोन रेघा.

यंदा मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं,
तो शटरपाशी उभा. पायांत दोन वेगळ्या चपला.
"काका, काम हाय का?"
बस, एवढंच. माफी नाही, रडणं नाही.
मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलो असतो
तर म्हटलं असतं, मी धावत जाऊन मिठी मारली.
मी म्हटलं, "आधी पाणी पी."
माठावरचा पेला पुढे केला,
उन्हातून आलेल्याला इथे कोणीही करतं तसा.

तो पीत होता, गळ्याची घाटी वरखाली होत होती,
आणि मला एकोणनव्वद साल आठवलं.
मेयोच्या वॉर्डात दारूनं पिवळा पडलेला मी,
थोरल्या भावाच्या हिश्शाची जमीन विकून प्यालेला मी,
आणि तोच भाऊ, काटोलहून पहाटेच्या एसटीनं,
पिशवीत संत्री.
सोलून, शिरा काढून, बिया काढून
एकेक फोड माझ्या तोंडात.
जमिनीचा शब्द नाही. तेव्हा नाही, मरेपर्यंत नाही.
तो गेल्यावर मी त्याची पेटी उघडली,
खरं सांगतो, तेच शोधत होतो,
कुठेतरी लिहून ठेवलं असेल म्हणून.
विजेची बिलं निघाली, आणि माझी लग्नपत्रिका.

पवन आता पुन्हा पंपांपाशी बसतो.
मी रोज संध्याकाळी स्क्रूची डबी मोजतो.
हो, अजून मोजतो.
परवा दोन कमी भरले, जीभ सरसावली होती,
तेवढ्यात सापडले, माझ्याच शर्टाच्या खिशात.
वहीतलं पान फाडलेलं नाही.
पण हल्ली वही मी पुढूनच उघडतो.

रविवारी प्रभुभोजनाला गुडघे टेकतो
तेव्हा तळव्याच्या रेघांत ग्रीस असतं,
रॉकेलनंही न निघालेलं.
पाळकसाहेब भाकरीचा तुकडा तसाच हातावर ठेवतात,
पुसून ये म्हणत नाहीत.

काल मार्थाबाईंकडे गेलो होतो, रिटायर नर्स, एकट्या.
नवा पंप बसवला. पेन्शन यायची होती,
बाई बटवा उघडत होत्या, झाकत होत्या.
माझ्याकडे न बघता पवन म्हणाला,
"राहू द्या, आजी."
पंप माझा. पैसे माझे. मी तोंड उघडलं,
आणि कूलर सुरू झाला.
आधी गरम वारा, धुळीचा एक लोट,
मग पाणी वाळ्यात उतरलं
आणि तो वास खोलीभर.
आम्ही तिघंही त्याच्यासमोर उभे राहिलो,
सदऱ्याची बटणं उघडी टाकून,
बाई पदर पसरून,
बराच वेळ.